पाणंदीतली घंटी

मला कोल्हापूर आधी पाठीमागून माहीत झालं. कॉलेजातल्या मुली महाद्वार रोड, राजारामपुरी, स्टँडसमोरची दुकानं अशा खुणा सांगायच्या. मला माहीत होतं ते वेगळंच. कुठल्या गुऱ्हाळामागून निघालं की पंचगंगेच्या घाटावर उतरता येतं, रंकाळ्याच्या मागच्या अंगानं फुलेवाडीकडं जाणारी वाट कुठं फुटते, कळंब्याच्या तळ्याच्या बांधावर सायकल कुठवर चालवायची आणि कुठून हातात धरायची. हे मी नव्वदीच्या दशकात शिकले, एका जुन्या लेडीज सायकलवर. ती आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दुरुस्तीवाल्याकडून घेऊन स्वतः रंग मारून दिली होती. आप्पा शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत मोल्डिंगला होते. हातावर ठिणग्यांचे डाग. स्वतः चौथीतून बाहेर पडलेले. मी बारावी झाले तेव्हा अख्ख्या शिफ्टला पेढे वाटून आले आणि म्हणाले, "आता थांबायचं न्हाय."

आमचं घर कसब्या बावड्याच्या शेवटाला, जिथं घरं संपून ऊस सुरू होतो तिथं. सायकल देताना आप्पांनी एकच अट घातली होती. "डांबरी रस्त्यानं जायचं, डांबरी रस्त्यानं यायचं. पाणंदीनं न्हाय."

पाणंद म्हणजे दोन शेतांमधली सगळ्यांच्या वहिवाटीची कच्ची वाट. ती कुणा एकाची नसते. बैलगाडी, म्हशी, वैरणीचे भारे, शाळेची पोरं, सगळे तिच्यातूनच. आप्पांची भीती मला कळत होती, पण त्यांना डांबरी रस्ता माहीत नव्हता. म्हणजे मुलीच्या सायकलवरून माहीत नव्हता. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या कानाला वारा घालत जायच्या. कोपऱ्याकोपऱ्यावर मोटारसायकलीला टेकून पोरं उभी. एकजण तर लाइन बाजारपासून घरापर्यंत रोज मागं यायचा. पाणंदीत असलं कोण नव्हतं. तिथं ज्याच्या त्याच्या डोक्यावर ओझं होतं. छेड काढायला हात मोकळे कुणाचे होते?

म्हणून दुसऱ्या वर्षापासून मी कॉलेजातून येताना घाटावर उतरायची, नदीकाठच्या वाटेनं राजाराम बंधाऱ्याजवळ निघायची आणि तिथून पाणंदीनं वर बावड्यात. आप्पांची सायकल साडेपाच-पावणेसहाला दारात लागायची. त्याआधी माझी लागलेली असली की झालं.

पाणंदीला पाटी नव्हती, पण रीत होती आणि ती कुणी शिकवत नव्हतं. ओझंवाल्याला वाट पहिली. रिकामा माणूस बाजूला होणार, मग तो कितीही मोठा बागाईतदार असू दे. सायकलवाल्यानं उतरून सायकल उसाला लावायची आणि हाक द्यायची, "या मावशी, वाट मोकळी हाय." कारण उसाचं वाडं, म्हणजे तोडलेल्या उसाचे हिरवे शेंडे, डोक्यावर घेतलेल्या बाईला समोरचं काही दिसत नाही. पाती डोळ्यांवर लोंबतात. तिला फक्त स्वतःची पावलं दिसतात. ती कानावर चालते.

या सगळ्यात सूट फक्त गवळ्याला. सायकलच्या दोन्ही अंगांना दुधाच्या किटल्या, भरलेल्या. त्यानं ब्रेक मारला की किटल्या हेलकावणार आणि सायकल आडवी. म्हणून पाणंदीत घंटी वाजवायचा तो फक्त गवळी. घंटी ऐकली की भारा असलेली बाईसुद्धा वाट सोडून खाली उतरायची, कारण मागनं येणाऱ्याला थांबता येणार नाही हे तिला ठाऊक असायचं. बाकी कुणी घंटी वाजवत नव्हतं. मीही नाही. मी उतरायची. हाक मात्र द्यायची नाही. वाटेत मुलीनं आवाज चढवायचा नाही, हे आईनं लहानपणापासून अंगात भिनवलं होतं. मी नुसती उभी राहायची आणि खोकायची.

टी.वाय.ला होते तेव्हाची गोष्ट. जानेवारी संपत आलेला. ग्रंथालयात वेळ गेला आणि घाटावर उतरले तेव्हाच उशीर झाला होता. बंधाऱ्यापाशी आले तोवर आप्पांची सुटायची वेळ झालेली. पाणंदीला लागले, तर पुढं एक वाड्याचा भारा चालला होता. खाली दोन पाय आणि वर हिरवा डोंगर. मधे बाई आहे हे नुसतं समजून घ्यायचं. आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहणारी मावशी होती ती. एक म्हैस, नवरा नाही, मुलगा हुपरीला चांदीच्या कामावर. तिला मी लुगड्यावरून ओळखलं.

दोन्ही बाजूंना उसाला पाणी पाजलेलं. उतरले तर चिखलात उतरायचं आणि ती पुढं जाईल तशी मागनं चालत राहायचं. मी तसं केलं नाही. घंटी वाजवली. दोनदा.

मावशी ताबडतोब डावीकडं झाली. तिनं माझ्यासाठी नव्हे, किटल्यांसाठी जागा केली, म्हणजे खूपच केली. डावीकडं पाट होता. तिचा पाय कडेच्या भुसभुशीत मातीवर पडला आणि भारा, बाई, सगळं पाटात गेलं. तोवर मी पुढं निघून गेले होते. वीसेक पावलांवर पाय टेकून मागं पाहिलं. भारा तिच्या तोंडावर आडवा पडला होता. ती ओरडत होती. उसातून कुणीतरी "काय झालं गं?" म्हणून हाक दिली. माणसं येत होती.

मी पॅडल मारलं. घाबरले होते, हे खरं आहे. पण आप्पा घरी पोचायच्या आत पोचलं पाहिजे, हेही डोक्यात होतं, आणि तेच जास्त होतं. पोचलेही. सायकल लावली, चहा टाकला. आप्पा आले तेव्हा पुस्तक उघडून बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध उशिरा आलं. आमच्याकडं बंधाऱ्यापलीकडच्या गावच्या गवळ्याचा रतीब होता. चाळिशीचा माणूस, कमरेला कायम लाल पंचा. "दूध, वैनी!" अशी त्याची हाक गल्लीच्या टोकाला ऐकू यायची. त्या दिवशी हाक नव्हती. त्यानं नुसती कडी वाजवली.

"वैनी, उशीर झाला. शिवाजी पुलावरनं फिरून आलो."

आईनं पातेलं पुढं केलं, पण धरूनच ठेवलं. "त्या बाईला पाडलंस म्हणं?"

"म्या न्हाय की, वैनी! ती आधीच पडल्याली. पाटातनं आवाज आला, म्हणून म्या गाडी आडवी केली. दोन्ही किटल्या सांडल्या. उतरून तिच्या तोंडावरचा भारा काढला, पाणी पाजलं, तवर ही माणसं आली. आन मलाच धरलं."

"तिनं घंटी ऐकली म्हणत्यात."

"ऐकली आसंल."

"मग कुणी वाजीवली? भुतानं?"

"आता भुतानंच म्हणायची," तो म्हणाला आणि हसला. मग त्यानं दूध मापून घातलं. मी दाराआड वेणी घालत होते. वेणी तीनदा सुटली.

म्हणजे थांबता न येणारा माणूस थांबला होता आणि ज्याला नुसता पाय टेकायचा होता तो पळाला होता. सांडलेलं दूध, पाटातली बाई आणि तिनं ऐकलेली घंटी. लोकांना आणखी काय पुरावा हवा? पाणंदीच्या दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांनी त्याला बजावलं की या वाटेत पुन्हा सायकल घालायची नाही. बाकीचे गवळी जायचे-यायचे. तो दिसला की बाभळीच्या काट्या आडव्या पडायच्या. मावशीचा पाय घोट्याच्या वर मोडला होता. सरकारी दवाखान्यात प्लास्टर घालून ती घरी पडून होती आणि तिची म्हैस शेजारी सांभाळत होते.

फिरून येणं म्हणजे त्याला घरून निघून शिवाजी पूल, तिथून गंगावेश, सगळं शहर ओलांडून बावडा. थंडी होती तोवर दूध टिकलं. फेब्रुवारी उलटला, ऊन लागलं आणि तापवताना दूध फाटायला लागलं. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्या वेळी आईनं त्याला पातेलं दाखवलं.

"उद्यापास्नं रतीब बंद. राग मानू नकोस."

"राग कसला, वैनी. तुमीबी काय करणार." त्यानं माप किटलीत टाकलं आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "अब्यास कर बाळ. तुज्या बाऽला लई कौतिक हाय तुजं."

आमच्या गल्लीतले रतीब एकेक करत सुटले. मी रोज ठरवायची, आज सांगायचं. सकाळी ठरवायची आणि संध्याकाळी पुस्तक उघडून बसायची. पान उलटायची, पण वाचलेलं काही सांगता आलं नसतं. पुढं नोकरी लागल्यावर माणसांचे अर्ज, तक्रारी माझ्या टेबलावर यायच्या. "मी नव्हतो" असं कुणी लिहिलेलं वाचलं की आजही माझा हात कागदावर थांबतो. लोक म्हणतात मॅडम फार चौकशी करतात. म्हणू देत.

आप्पांना कळलं ते मार्च लागल्यावर, चिखलामुळं. दोन-तीन महिन्यांतून एखाद्या रविवारी ते दोन्ही सायकली उलट्या करून चेनला तेल द्यायचे. माझ्या चेनमध्ये काडी घालून त्यांनी वाळलेली माती काढली, बोटावर चुरली आणि वास घेतला.

"डांबरावर पाटाची माती कुटनं आली?"

मी सगळं सांगितलं. पाणंद, घंटी, पाट, गवळी. उभ्यानंच सांगितलं. आप्पांनी मधे एकदाही अडवलं नाही. तेलाचा डबा हातातच होता. त्यातून थेंब थेंब फरशीवर गळत होतं आणि त्यांचं लक्ष नव्हतं.

"परीक्षा कवा हाय?" त्यांनी विचारलं.

"मार्चअखेर सुरू."

"मग तवर गप बसायचं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. आप्पा म्हणजे कंपनीत खराब झालेला साचा स्वतःचा असला तर हात वर करून सांगणारे. "माजा हाय," म्हणायचे आणि पगार कापून घ्यायचे. ते मला गप बस म्हणत होते.

"आप्पा, तो माणूस—"

"मला कळत न्हाय व्हय?" त्यांचा आवाज चढला आणि मग एकदम उतरला. "आता सांगितलंस की चार माणसं घरी येणार. सायकल जाणार. तुजा चुलता कुरुंदवाडचं स्थळ घेऊन बसलाच हाय. त्येला तर निमित्तच पायजे. शेवटाला आलंय गं, पोरी. दीड महिना. मग सांग, म्या येतो संगं."

मला हायसं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण खरं तेच आहे. आप्पांनी माझं ओझं घेतलं नाही, नुसतं उतरवून ठेवायला जागा दिली, आणि मी ते ठेवलं. परीक्षा दिली. पेपर चांगले गेले. मधल्या काळात आईच्या बोलण्यातून कळलं की गवळ्यानं दोन म्हशींतली एक विकली.

शेवटचा पेपर देऊन आले त्या दुपारी आप्पा कामावर होते. त्यांची वाट बघितली असती तर पुन्हा काहीतरी निघालं असतं. मी एकटीच मावशीच्या घरी गेले. ती पाय लांब करून शेंगा फोडत बसली होती. प्लास्टर निघालं होतं, पण पाय सुजलेलाच होता.

"मावशी, त्या दिवशी घंटी मी वाजवली होती."

तिनं शेंग फोडली, दाणे टोपल्यात टाकले आणि मग माझ्याकडं पाहिलं.

"तू? त्या फौंड्रीवाल्याची?"

"व्हय."

"उतराय काय झालंतं? पायाला मेंदी लावलीवतीस?"

मी तिच्यासमोर खाली बसले.

"आगं भवाने, त्या बाबानं मला ओंजळीनं पाणी पाजलं, आन म्या पडल्या पडल्या त्येच्या सात पिढ्या काढल्या! माज्या तोंडानं पाप घडवलंस की." तिनं टरफलं माझ्या अंगावर भिरकावली. ती मला लागली नाहीत, आणि लागली असती तर बरं वाटलं असतं. "माज्याफुडं कशाला बसलीयास? माजा पाय आता काय व्हायचा त्यो व्हईल. त्येला जाऊन सांग जा."

बंधाऱ्यावरून पलीकडं गेले. विचारत विचारत त्याचं घर काढलं. गोठ्यात एक म्हैस आणि एक रिकामा खुंटा. तो शेण ओढत होता. मला बघून त्याला आनंद झाला, तेच वाईट. "पेपर संपलं का बाळ?" म्हणाला. मी सांगितलं. एका दमात सांगितलं, दम संपला तेव्हा माझं रडणं सुरू झालं.

तो शेणाचे हात तसेच धरून उभा राहिला. मग म्हणाला, "रडाय काय झालं? म्हस माजी गेली."

"चुकले, दादा. माफ करा."

"मला कशाला सांगतीस? म्या न्हवतो, हे मला म्हायीत हाय की. पैल्या दिवसापास्नं म्हायीत हाय." त्याचा आवाज चढला नाही. "ज्यास्नी म्हायीत न्हाय त्यास्नी सांग. समद्यांफुडं सांग."

संध्याकाळी बावड्याच्या दूध संस्थेत माणसं किटल्या घेऊन रांगेत असतात. पाणंदीच्या दोन्ही कडेचे शेतकरी तिथंच असायचे, काट्या टाकणारेही. मी गेले तेव्हा वीसेक जण असतील. रांगेत बाई एक नव्हती. मी मापाच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले आणि सांगितलं. पहिलं वाक्य कुणाला ऐकूच गेलं नाही. "काय म्हणतीया?" असं कुणीतरी विचारलं. मग मोठ्यानं सांगितलं.

माप घालणाऱ्याचा हात थांबला. मागनं एकजण म्हणाला, "कॉलेजात ह्येच शिकवत्यात व्हय? दोन महिनं लागलं बोलाय?" दोघेतिघे हसले. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "बाऽनं धाडलं का तुला?" मी म्हणाले, "न्हाय. मी आले." काट्या टाकण्यात जो पुढं असायचा तो खाली बघत किटलीचं झाकण घट्ट करत होता. आधीच घट्ट असलेलं झाकण. "मग काढा काट्या," असं तो शेवटी म्हणाला, कुणाला उद्देशून कुणास ठाऊक. रांग पुढं सरकली. त्या गवळ्याला कुणीतरी जाऊन सांगूया, असं एकाच्याही तोंडून आलं नाही.

मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. चुलतेही आले होते. त्यांना जे म्हणायचं होतं ते त्यांनी म्हणून घेतलं, स्थळाचं, सायकलचं, शेफारलेल्या पोरीचं. आप्पा बसून ऐकत होते. चुलते गेल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "माजं नाव काडलंस?"

"न्हाय."

"काडाय पायजे हुतंस," ते म्हणाले आणि आत गेले. पुढं कितीतरी दिवस आम्ही दोघं एकमेकांशी जेवढ्यास तेवढं बोललो. सायकलला कुलूप लागलं. किल्ली त्यांच्या सदऱ्याच्या खिशात.

जूनमध्ये निकाल लागला. पहिला वर्ग. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. त्याचा मला तेव्हाही अभिमान होता, आजही आहे आणि तो मी कमी करून सांगणार नाही. मार्कलिस्ट आणायला जायचं म्हणून आप्पांनी सकाळी किल्ली काढून माझ्या हातात दिली. मी डांबरी रस्त्यानं निघाले.

लाइन बाजारच्या पुढं मला तो दिसला. दूध घालून परत चालला होता. रिकाम्या किटल्या वाजत होत्या. पावसाळ्यात बंधारा पाण्याखाली जातो, पण तो अजून गेला नव्हता, आणि काट्या निघून दोन महिने झाले होते. बाकीचे सगळे गवळी पाणंदीनंच जात होते. मी त्याच्या मागं सायकल हळू केली.

"दादा, वाट मोकळी केलीय की त्यांनी."

त्यानं मान वळवून पाहिलं. ओळखलं. "करू देत."

"मग हिकडनं कशाला जाता? लांब पडतंय."

"त्यांची वाट त्यास्नी ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "मला हितं कोण काय म्हणत न्हाय."

चढ लागला. तो उभा राहून पॅडल मारायला लागला. मानेवरचा घाम पंचानं पुसला. मागनं ट्रक येत होते, आणि माझ्यासारखीच बाकीची सायकलवाली मंडळी त्याच्या बाजूनं पुढं निघून चालली होती. मी मागंच राहिले. काय करायचं ते कळत नव्हतं.

"जा की फुडं," तो मागं न बघता म्हणाला. "तुला उशीर हुईल."

उशीर झालाच होता. अकराला ऑफिसची खिडकी बंद होणार होती. मी त्याच्या बाजूनं पुढं गेले.